तात्यांचा नमुना १-अ: एका टँकरचालकाच्या वैद्यकीय दाखल्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडचं. माणसांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. चालकाला इथे तात्या म्हणू आणि गाडीमालकाला शेठ. मी या भागातल्या छोट्या वाहतूकदारांची कागदपत्रं पाहतो. परमिट, फिटनेस, विमा, चालकांची लायसनं हे माझं रोजचं काम, म्हणून हे प्रकरण जवळून पाहता आलं.

तात्यांचं वय ५२. पंचवीसेक वर्षं हेवी गाडीवर, त्यातली बरीचशी टँकरवर. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतून रसायन भरायचं, संध्याकाळी निघायचं, कशेडी घाट ओलांडून पहाटेपर्यंत तळोज्याला पोहोचायचं, हा नेहमीचा फेरा. शेठकडे तीन टँकर आहेत. त्यांतला सगळ्यात नवा तात्यांच्या हातात असतो, यावरून तात्यांची पत कळावी.

लायसनची मुदत जुलैअखेर संपत होती. ट्रान्सपोर्ट लायसन ५ वर्षांचं मिळतं, पण धोकादायक माल वाहणाऱ्याला ३ वर्षांचंच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीआधी याच मुदती ३ आणि १ वर्षाच्या होत्या. नूतनीकरणाला दर वेळी वैद्यकीय दाखला लागतो. तोच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नमुना १-अ. धोकादायक मालवाल्यांना त्याशिवाय एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षणही करावं लागतं.

अडचण

जूनच्या मध्यावर शेठनी तात्यांना दाखला आणायला सांगितलं. तात्या गावातल्या डॉक्टरांकडे गेले. हे डॉक्टर बीएएमएस, तात्यांच्या घरातल्या तीन पिढ्यांचे ताप-खोकले त्यांनीच काढलेले. मागे कधीतरी कागदाच्या फॉर्मवर अशाच कुणाच्या तरी सही-शिक्क्याने काम झालं होतं, एवढंच तात्यांच्या लक्षात होतं. डॉक्टर म्हणाले, "तात्या, सही हवी तर दहा करून देतो, पण उपयोग नाही. माझ्याकडे पोर्टलचं लॉगिन नाही."

दाखला राज्य सरकारने त्या कामासाठी अधिकृत केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचाच लागतो. आता तो त्या डॉक्टरने सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या कामांच्या सरकारी वेबसाइटवर, स्वतःच्या लॉगिनमधून, अर्जदाराच्या अर्ज क्रमांकावर भरायचा असतो. त्यामुळे 'चांगला डॉक्टर कोण' हा प्रश्न मागे पडतो आणि 'लॉगिन कुणाकडे आहे' हा पुढे येतो. लॉगिनवाल्या डॉक्टरांची नावं मिळाली, पण ती जुनी होती. एकांनी दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला राहायला गेल्याचं फोनवर सांगितलं. दुसऱ्यांची बदली झाली होती. तिसरे म्हणाले, "दाखले मी सोडून दिले, त्या कामात एजंट फार त्रास देतात."

इथवरची अडचण कागदाचीच होती. दुसरी अडचण कळली ती क्लिनरकडून. टँकर वॉशिंगला लावून पोरगा चहा पीत बसला होता. मी सहज विचारलं, रात्रीचा तात्यांना काही त्रास होतो का? आधी तो गप्प राहिला. मग म्हणाला, "त्रास असा नाय. पण दिवाळीपासून बोर्ड मीच वाचतो. समोरून लाइट आली की तात्या गाडी हळू करतात न् मला विचारतात, डावीकडे काय आहे रे?"

हे शेठना माहीत नव्हतं. तात्यांना विचारलं तर ते उखडलेच. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? पावसाळ्यात सगळ्यांनाच कमी दिसतं."

कोणकोणते पर्याय होते

पहिला पर्याय एजंटने आणला. फोटो, आधार आणि अर्ज क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, संध्याकाळपर्यंत दाखला पोर्टलवर दिसेल. डॉक्टर कुठले? तर "आहेत एक, तिकडे." तात्यांना कुठेही जायला लागणार नव्हतं आणि खेपही चुकणार नव्हती. शेठ निम्मे-अधिक तयार झाले होते, आणि त्यांना दोष देता येणार नाही. या रस्त्यावर किती जणांचे दाखले असेच होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण नमुना १-अ च्या शेवटी डॉक्टर लिहून देतो की अर्जदाराला मी स्वतः तपासलं आहे. लांबची नजर, ऐकू येणं, हातपाय आणि सांधे यांकडे विशेष लक्ष दिलं आहे. मी शेठना हा मजकूर वाचून दाखवला आणि विम्याची बाजू सांगितली. अपघातानंतर चालकाची पात्रताच खोटी होती असं निघालं, तर विमा कंपनी नुकसानभरपाई आधी पीडिताला देते आणि मग ती मालकाकडून वसूल करायला उभी राहते. टँकरमध्ये रसायन असेल तर त्या रकमेचा अंदाजच करवत नाही. क्लिनरचं बोलणं कानावर आलेलं असताना "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची सोयही उरलेली नव्हती. शेठनी एजंटला नको म्हणून कळवलं.

दुसरा पर्याय तात्यांच्या पुतण्याचा. तो जहाजावर असतो आणि तेव्हा सुट्टीवर घरी होता. आपल्याकडे घरटी नाही तरी वाडीत दोन-चार शिपी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, असतातच, आणि 'मान्यताप्राप्त डॉक्टर' म्हणजे काय हे त्यांना समजावावं लागत नाही. नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडूनच त्यांची तपासणी होते. प्रमाणपत्र जास्तीत जास्त २ वर्षं चालतं, आणि ते नसेल तर जहाजावर पाऊल टाकता येत नाही. पुतण्या म्हणाला, "काका, मुंबईला माझ्या डॉक्टरकडे चला, एका सकाळीत डोक्यापासून पायापर्यंत तपासतात." डॉक्टर उत्तमच असणार, पण ती मान्यता जहाजाची. सारथीचं लॉगिन त्या डॉक्टरांकडे आहे का, असं फोनवर विचारलं तर नाही म्हणाले. एका खात्याचा अधिकृत डॉक्टर दुसऱ्या खात्याला चालत नाही, हे अनेकांना मुंबईचा हेलपाटा घातल्यावरच कळतं.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घ्यायचा, हा तिसरा पर्याय. तो तात्यांचा लाडका. त्याने दाखला मिळणार नव्हता, पण निदान खरं काय ते कळलं असतं. तात्यांनी तोही "उद्या बघू" करत ठेवला.

शेवटी फोन करण्याची पद्धत बदलली. "दाखला देता का?" असं विचारलं की समोरचा एकतर फी सांगतो, नाहीतर फोन ठेवतो. त्याऐवजी तीन गोष्टी विचारायला सुरुवात केली. लॉगिन सध्या चालू आहे का? चालकाला समोर बसवून तपासता का? आणि डोळ्यांत काही निघालं तर पुढे कुणाकडे पाठवता? तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर देणारे एकच निघाले. चिपळूणचे एक एमबीबीएस डॉक्टर, साठीच्या आसपासचे. म्हणाले, "शुक्रवारी दुपारी घेऊन या. जुना चष्मा असेल तर तोही आणा. आणि रात्रभर गाडी चालवून आणू नका."

ही शेवटची सूचना मला फार मोलाची वाटली. बहुतेक चालक खेप संपवून, न झोपता, तसेच दवाखान्यात जातात. तेव्हाचं बीपी आणि तेव्हाची नजर यांवरून कुणी काही ठरवू नये.

तपासणी

शुक्रवारी पाऊस होता, पण दुपारी उघाडी मिळाली. डॉक्टरांनी आधी खोलीत बसवून विचारपूस केली. फिट कधी आली होती का, शुगर आहे का, झोप किती, घोरता का, दारू किती. फॉर्ममध्ये यातलं फारसं काही विचारलेलं नाही. फॉर्म विचारतो तो नजरेचा दोष, रंगांधत्व, रातांधळेपणा, बहिरेपण आणि हातापायांचं व्यंग. बीपी मोजलं, ते थोडं वर होतं. मग ठिपक्यांच्या पाट्यांचं पुस्तक काढलं. तात्यांना याचीच धास्ती होती, कारण रंग चुकले की लायसन गेलं असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. तसं आता राहिलेलंही नाही. २०२० च्या बदलानंतर सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलं तरी लायसन मिळतं, अडतं ते तीव्र असेल तर. तात्यांनी सगळे आकडे धडाधड ओळखले आणि ते जरा सैल बसले.

मग सगळे अंगणात आलो. नियमात आहे ते साधं: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता आली पाहिजे. डॉक्टरांकडे गवंड्याचा असतो तसला लांब टेप होता. कंपाउंडरने तो फाटकाजवळ उभ्या असलेल्या गाडीपासून पायरीपर्यंत ताणला. चष्मा लावून, दोन्ही डोळ्यांनी तात्यांनी नंबर न अडखळता वाचला. मग उजवा डोळा तळहाताने झाकून डाव्याने वाचला, तोही बरोबर. डॉक्टरांनी कंपाउंडरला खूण केली, त्याने ती गाडी काढून दुसरी उभी केली. डावा डोळा झाकून उजव्याने वाचताना तात्या "एमएच शून्य आठ" एवढं म्हणाले आणि थांबले. पुढची अक्षरं वाचताना मान तिरकी केली, डोळा बारीक केला. आकडे चारांतले दोन चुकले. गाडी बदलली नसती तर त्यांनी आधी वाचलेला नंबर पाठ म्हणून दाखवला असता, आणि असं करणारे रोज येतात, असं कंपाउंडर मला नंतर म्हणाला.

डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा पाहिला. "मोतीबिंदू वाटतोय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नक्की करून घ्या." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. पोर्टलवर त्या दिवशी काहीच भरलं नाही.

खरा निर्णय

नेत्रतज्ज्ञांनी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. डाव्यात नुकती सुरुवात होती. समोरच्या दिव्यांचा झगझगाट पसरून दिसणं हे त्याचंच लक्षण. ते पुढे म्हणाले की चष्म्याचा नंबर बदलला तर दिवसा उजव्या डोळ्यानेही सध्यापुरतं बरंच सुधारेल. शस्त्रक्रिया करायचीच आहे, पण ती उद्याच केली पाहिजे असं नाही.

पेच इथे पडला. नवीन चष्मा घालून तात्या भरदिवसा २५ मीटरवरची पाटी वाचणार होते. रातांधळेपणा म्हणजे कमी उजेडात न दिसणं. दिव्यांची तिरीप डोळ्यावर आली की सगळं पांढरं होणं, याला फॉर्ममध्ये वेगळा रकाना नाही. म्हणजे दाखला नियमात बसत होता. चिपळूणचे डॉक्टर फोनवर स्पष्ट बोलले, "नवा चष्मा लावून आला आणि पाटी वाचली तर मी फिट लिहीन, मला तेच विचारलंय. पण शेठ, तुमची गाडी दिवसा जाते का?"

तात्यांना हाच मार्ग हवा होता. आठवड्यात चष्मा, मुदतीच्या आत लायसन, ऑपरेशन दिवाळीनंतर. घरचा खर्च त्यांच्यावर, धाकटी मुलगी कॉलेजला. तात्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, एकही खेप न चुकवता कायदा पाळला जात होता.

मी सुचवलेला मधला मार्ग असा: चष्म्यावर दाखला घ्यायचा, लायसन मुदतीत करून टाकायचं आणि लगेच गाडीवरून उतरून ऑपरेशन करायचं. शेठ यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लायसन हातात आलं की हा माणूस ऑपरेशन करणार नाही. मी पंधरा वर्षं ओळखतो." तात्या हसले, पण नाही म्हणाले नाहीत. वहिनींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, घरून फोनवर एकच वाक्य सांगितलं, "अहो, आधी डोळा करा, मग काय ते लायसन."

दिवसाच्या खेपा देता येतील का, हेही पाहिलं. भरणी दुपारनंतर होते आणि उतरवणी सकाळी, त्यामुळे ते जमण्यासारखं नव्हतं. ठरलं असं की आधी शस्त्रक्रिया, मग दाखला. मधल्या काळात लायसनची मुदत संपली तर संपू द्यायची.

मुदत संपू देणं हे ऐकायला भयंकर वाटतं, म्हणून इथे नियम नीट पाहिला. संपल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा चालवण्याची परीक्षा द्यावी लागत नाही, त्यानंतर मात्र द्यावी लागते. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन चालू धरलं जायचं, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. तेव्हा संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून टँकरला हात लावायचा नाही, हे तात्यांना दोनदा सांगितलं. जुने चालक अजून तो महिना धरून चालतात.

पुढे काय झालं

शस्त्रक्रिया जुलैच्या मध्यात सरकारी रुग्णालयात झाली, पैसे लागले नाहीत. डोळा स्थिरावून चष्म्याचा पक्का नंबर मिळायला महिना-सव्वा महिना लागतो असं सांगितलं होतं, तेवढाच लागला. त्या काळात तात्यांनी शेठची छोटी पिकअप चालवू का, असं विचारलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं साधं लायसन पुरतं असं स्पष्ट केलंय, आणि ते तात्यांचं चालू होतं. कायद्याने अडत नव्हतं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. उजळणी प्रशिक्षणाचा दिवस मात्र याच काळात उरकला.

ऑगस्टअखेर तात्या पुन्हा चिपळूणच्या त्याच अंगणात उभे राहिले. या वेळी गाडी मध्येच बदलली तरी चुकले नाहीत. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना, ते विचारलं आणि तिथेच बसून लॉगिनमधून नमुना भरला. गणपतीच्या तोंडावर लायसन झालं. नवी मुदत नूतनीकरणाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे मधल्या दिवसांचं त्या बाजूने नुकसान झालं नाही.

नुकसान झालं ते पैशांचं. दीड महिन्याहून जास्त तात्या घरी होते. शेठनी अर्धा पगार दिला, उरलेल्यासाठी तात्यांनी पतपेढीतून उचल घेतली. बदली चालक महाग पडला आणि त्याच्या हातून एकदा वॉल्व्हची गळती होता होता राहिली, ती शेठ अजून ऐकवतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची. अर्ज मुदत संपण्याआधी १ वर्षापासून करता येतो. मग चालक थांबतात का? कारण मुदत नूतनीकरणाच्या दिवसापासून मोजली जाते, लवकर केलं तर उरलेले महिने फुकट जातात. हा हिशेब चुकीचा नाही. पण अर्ज आणि तपासणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अर्ज शेवटच्या दोन महिन्यांत करा, डोळे मात्र आदल्या हिवाळ्यात तपासून घ्या. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात चालकांसाठी नेत्रतपासणी शिबिरं होतात. तिथला कागद दाखल्याच्या जागी चालत नाही, पण मोतीबिंदू तिथेही दिसलाच असता, आणि ऑपरेशन एप्रिलपर्यंत उरकलं असतं.

दुसरी गोष्ट क्लिनरची. त्या पोराला सात-आठ महिने सगळं दिसत होतं, पण सांगायचं कुणाला? तात्या त्याचे गुरू, शेठ लांब. त्याने स्वतः येऊन सांगावं ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. मालकाने खेपेनंतर गाडीबद्दल विचारतात तसं चालकाबद्दलही सहज विचारायला हवं होतं.

मधला मार्ग, म्हणजे चष्म्यावर आधी लायसन आणि लगेच ऑपरेशन, हा माझ्या मते दुसऱ्या एखाद्या चालकाच्या बाबतीत बरोबर ठरला असता. त्याने दीड महिन्यातला काही भाग वाचला असता. इथे तो नाकारला गेला तो माणूस ओळखून, आणि ते शेठनाच ठरवता येणार होतं. पण त्यांनी नाकारताना अर्ध्याऐवजी पूर्ण पगाराचं बोलायला हवं होतं. निर्णय मालकाचा होता आणि त्याची किंमत दोघांनी वाटून घेतली, तीही विषम. तात्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, वहिनींनी दाखवलं.

आणि डॉक्टरांची यादी. शेठच्या टेबलाच्या काचेखाली आता लॉगिन चालू असलेल्या डॉक्टरांची नावं लावलेली असतात, दर तीन महिन्यांनी फोन करून तपासायची असं ठरलंय. सध्या तिथे दोनच नावं आहेत. चिपळूणचे डॉक्टर पुढच्या वर्षी दवाखाना पुतणीकडे देणार म्हणतात. तिने अजून लॉगिनसाठी अर्ज केलेला नाही, आणि शेठच्या दुसऱ्या चालकाची मुदत मार्चमध्ये संपते आहे.